ट्रम्पपासून टाकीपर्यंत

राजकारणावर बोलणाऱ्या माणसाचा आवाज विषयाच्या अंतरावर ठरतो. विषय जितका लांबचा, तितका आवाज खणखणीत. 2025 च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेने भारतीय मालावर 50 टक्के आयातशुल्क लावलं, तेव्हा आमच्या चौकातल्या अमृततुल्यासमोर त्या प्रश्नाचा निकाल पहिल्या चहातच लागला. ट्रम्पचं काय चुकलं, त्याला कोण भरीला घालतंय, भारताने काय उत्तर द्यायला हवं आणि ते देताना चेहरा कसा ठेवायला हवा, एवढं सगळं ठरलं. विषय दिल्लीवर आला की तोच आवाज एक पट्टी खाली येतो, कारण दिल्लीबद्दल समोरच्याचंही काहीतरी मत असतं. मंत्रालयावर आला की माणसं बाकडं पुढे ओढून कुजबुजायला लागतात. मंत्रालयाबद्दल आतली बातमी असते. महापालिकेवर आला की कुणीतरी विचारतं, "आपला प्रभाग आता कितवा हो?" आणि विषय सोसायटीच्या पाण्याच्या टाकीवर आला की सगळ्यांना एकदम घरची कामं आठवतात.

आमचा कट्टा म्हणजे अमृततुल्याच्या पायरीला लागून टाकलेली दोन बाकडी आणि एक कायमची बंद पडलेली स्कूटर. स्कूटरवर बसलेल्याला सहसा शेवटचा शब्द मिळतो, कारण तो जरा उंचावर असतो. कायमचे सदस्य तीन. त्यांची खरी नावं आता फक्त त्यांच्या घरच्यांना लागतात. चौकात ते आकडे, सूत्र आणि सगळे चोर या नावांनी ओळखले जातात.

आकडे बँकेतून निवृत्त झालेत. विधानसभेच्या जागा 288, बहुमताला 145, लोकसभेच्या 48, हे त्यांना झोपेतून उठवून विचारलं तरी सांगतात. तसं विचारायची गरज पडत नाही, कारण ते स्वतःच इतरांना झोपेतून उठवून सांगतात. 2024 च्या जूनमध्ये महाराष्ट्रात आघाडीला 30, महायुतीला 17 आणि उरलेली एक जागा सांगलीच्या अपक्षाला. नोव्हेंबरमध्ये भाजप 132, शिंदे यांची शिवसेना 57, अजित पवारांची राष्ट्रवादी 41. मुंबई वायव्यचा लोकसभेचा निकाल 48 मतांनी लागला, हे तर त्यांचं आवडतं निरूपण आहे. "48 मतं! म्हणजे आपल्या दोन विंगा!" असं म्हणून ते दोन बोटं वर करतात. त्या दोन विंगांतली निम्मी माणसं मतदानाच्या दिवशी लोणावळ्याला असतात, हा मुद्दा त्यांच्या कोष्टकात बसत नाही.

सूत्राचा भाचा ज्या मुलाबरोबर क्रिकेट खेळतो, त्या मुलाचा थोरला भाऊ कुठल्याशा आमदाराच्या स्वीय सहायकाची गाडी चालवतो. एवढ्या लांबून येऊनही बातमी सूत्रापाशी गरमच पोचते. तिची सुरुवात ठरलेली: "हे आपल्यातच ठेवा." मग तो ती चहावाल्यालाही ऐकू जाईल अशी सांगतो. 23 नोव्हेंबर 2019 ला त्याच्या आयुष्यातली सर्वांत अवघड सकाळ उजाडली होती. आदल्या रात्री त्याने उद्धव ठाकरे मुख्यमंत्री होणार असं जाहीर केलं होतं. सकाळच्या वर्तमानपत्रांतही तेच छापून आलं होतं, आणि टीव्हीवर देवेंद्र फडणवीस शपथ घेत होते. दुसरा कुणी असता तर आठवडाभर मागच्या गल्लीतून गेला असता. सूत्र नेहमीच्या वेळेला आला, चहा मागवला आणि म्हणाला, "मी म्हटलं नव्हतं, काहीतरी होणार?" ते सरकार चार दिवसांत गेलं आणि 28 तारखेला ठाकरेंनी शिवाजी पार्कवर शपथ घेतली, तेव्हा त्याचं मूळ भाकीतही खरं ठरलं. महाराष्ट्रात भाकीत करणाऱ्याने फक्त थोडा धीर धरायचा असतो. आपल्याकडे प्रत्येक भाकिताची पाळी येते.

सगळे चोर हे आजोबा आहेत. पंचाहत्तरी उलटलेली, पाठ ताठ. कुठल्याही चर्चेच्या शेवटी ते काठी आपटून "सगळे चोर!" म्हणतात आणि चर्चा संपते. एवढं असूनही मतदानाच्या दिवशी सकाळी सातला रांगेत पहिले तेच. "सगळे चोर, मग मत कुणाला दिलंत?" असं एकदा विचारलं, तेव्हा म्हणाले, "आपल्या माणसाला." आपला माणूस चोरांत मोडतो की नाही, हे विचारायची कुणाची छाती झाली नाही.

या तिघांच्या बाकड्यांवर आजवर कुणाचं मत बदललेलं मी पाहिलेलं नाही. तिथे प्रत्येकजण समोरच्याचं बोलणं संपायची वाट बघत असतो, ऐकत कुणीच नसतो. पण तिथे आजवर कुणी कुणाशी बोलणंही टाकलेलं नाही. कुटुंबाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एका निवडणुकीत दोन मावसभाऊ ग्रुप सोडून जातात. कट्ट्यावर "तुमच्यासारख्या लोकांमुळेच देश मागे राहिला" असं म्हणून झाल्यावर त्याच माणसाच्या चहाचे पैसे दिले जातात. कागदी कपातली लोकशाही आहे, पण गळत नाही.

धोरणांवरच्या चर्चेचा खरा हंगाम 2024 च्या जूनअखेरीला सुरू झाला. राज्याच्या अर्थसंकल्पात लाडकी बहीण योजना जाहीर झाली: 21 ते 60 (काही दिवसांतच ते 65 झालं) वयाच्या आणि कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न अडीच लाखांच्या आत असलेल्या बाईच्या खात्यात महिन्याला 1500 रुपये, आणि त्यासाठी वर्षाला 46 हजार कोटींची तरतूद. आकड्यांनी 46 हजार कोटी हा आकडा वर्तमानपत्राच्या कडेला शून्यांसकट लिहून काढला. शून्यं कागदाबाहेर जायला लागली तशी शेवटची दोन त्यांनी बाकड्यावर काढली. "तिजोरी रिकामी होणार," ते म्हणाले. "लोकांना फुकटची सवय लागली," सूत्र म्हणाला. आजोबांनी काठी आपटली.

त्या वेळी त्या बाकड्यांवर काय काय बसलं होतं, याचा मी मनातल्या मनात हिशोब केला. आजोबा आदल्याच आठवड्यात अक्कलकोटला जाऊन आले होते, एसटीने. 2022 च्या ऑगस्टपासून 75 वर्षांपुढच्यांना एसटी फुकट आहे. आकड्यांच्या घरून 2023 च्या मार्चपासून माहेरच्या फेऱ्या वाढल्या आहेत, कारण बायकांना एसटीत अर्धं तिकीट झालं. राहत्या घराच्या मिळकतकरात पुणेकरांना 40 टक्के सवलत आहे. ती मधे काढली गेली आणि 2023 मध्ये परत आली, तेव्हा तिच्यासाठी पीटी-3 नावाचा फॉर्म भरायला हे तिघेही क्षेत्रीय कार्यालयाच्या रांगेत एकामागे एक उभे होते. पुढे 2024 च्या ऑक्टोबरमध्ये मुंबईच्या पाचही प्रवेशनाक्यांवर लहान गाड्यांचा टोल माफ झाला. मंत्रिमंडळाने निर्णय घेतला 14 तारखेला, माफी लागू झाली त्याच मध्यरात्री, आणि आचारसंहिता लागली दुसऱ्या दिवशी. वाशीच्या नाक्यावरून गाडी न थांबवता गेल्याचं वर्णन सूत्राने इतक्या वेळा केलं की तो मुंबईला कशासाठी गेला होता ते शेवटपर्यंत कळलं नाही. कट्ट्याच्या अर्थशास्त्रात रेवडीची व्याख्या साधी आहे: ज्या योजनेत आपलं वय बसत नाही किंवा आपण पुरुष निघतो, ती रेवडी.

विधानसभेच्या प्रचारात महायुतीने 1500 चे 2100 करू म्हटलं, आघाडीने 3000 देऊ म्हटलं. "एवढे पैसे आणणार कुठून?" हा अर्थशास्त्राचा मूलभूत प्रश्न दोन्ही बाजूंनी विचारला गेला. फक्त प्रत्येकाने तो समोरच्यालाच विचारला.

या योजनेवरचं सर्वांत नेमकं भाष्य मी ऐकलं ते कट्ट्यावर नव्हे, घरच्या ओट्यापाशी. आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशींना योजनेतलं सगळं ठाऊक होतं: आधार कुठल्या खात्याला जोडलेलं लागतं, हप्ता कुठल्या महिन्याचा आला आणि कुठला अडकला, शेजारणीचा अर्ज का बाद झाला. 2025 मध्ये ई-केवायसी करायचं फर्मान निघालं आणि त्यासाठी नवऱ्याचं किंवा वडिलांचं आधारही लागायला लागलं. मावशी भांडी विसळत म्हणाल्या, "ओटीपी नवऱ्याच्या फोनवर येतो, आणि नवरा फोन देत नाही. पैसे माझे, ओटीपी त्याचा." महिला सक्षमीकरणावर यापेक्षा जास्त सांगणारं वाक्य मला कुठल्या अहवालात सापडलेलं नाही. मी ते कट्ट्यावर जाऊन सांगितलं. तिघांनी ऐकून घेतलं. मग आकडे म्हणाले, "ते बरोबर आहे हो, पण मूळ मुद्दा वेगळाच आहे." आमच्याकडे कुठल्याही गोष्टीचा मूळ मुद्दा नेहमी वेगळाच असतो. तो कुठे असतो ते कुणाला माहीत नाही, पण जी गोष्ट एखाद्याला प्रत्यक्ष ठाऊक असते तिथे तो नसतो, एवढं नक्की.

महापालिकेच्या बाबतीत तर कट्ट्याने कमाल केली. पुणे महापालिकेची मुदत मार्च 2022 मध्ये संपली. ओबीसी आरक्षण आणि प्रभागरचना यांचे वाद न्यायालयात अडकले, आणि पुढची जवळजवळ चार वर्षं शहराला एकही नगरसेवक नव्हता. कारभार प्रशासक बघत होते. या काळात आमच्या चौकात युक्रेन, गाझा, बांगलादेश आणि अमेरिकेच्या दोन निवडणुका यांच्यावर सविस्तर चर्चा झाल्या. आजोबा मात्र चौकातल्या खड्ड्याबद्दल रोज सकाळी नगरसेवकाला शिव्या घालत होते. चांगली दोन वर्षं घातल्यावर कुणीतरी त्यांना सांगितलं की तो आता नगरसेवक राहिलेला नाही, कुणीच राहिलेलं नाही. आजोबा गप्प झाले. खड्ड्याचं त्यांना दुःख नव्हतं, खड्ड्याची सवय झाली होती. दोन वर्षांच्या शिव्या पत्त्यावर पोचल्याच नाहीत, हे त्यांना लागलं. "मग प्रशासकाला द्या ना," सूत्र म्हणाला. आजोबा म्हणाले, "त्याला देऊन काय उपयोग? तो कुठे मतं मागायला येणार आहे?" लोकप्रतिनिधी कशासाठी हवा असतो, याचं इतकं सुटसुटीत उत्तर नागरिकशास्त्राच्या पुस्तकातही मिळणार नाही.

मग 2025 च्या मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने स्थानिक निवडणुका घ्या म्हणून सांगितलं, आणि 15 जानेवारी 2026 ला 29 महापालिकांचं मतदान ठरलं. पुण्यात प्रभाग 41, नगरसेवक 165. चाळीस प्रभागांत चार-चार आणि एकात पाच. म्हणजे ज्या माणसाला चार वर्षं एकही नगरसेवक नव्हता, त्याला एका दिवसात चार निवडायचे होते. अ, ब, क, ड अशा चार जागा, प्रत्येक जागेला वेगळ्या रंगाची मतपत्रिका आणि चारदा बटण. मंत्रालयात जे एका सरकारात मांडीला मांडी लावून बसत होते, ते पुण्यात एकमेकांसमोर उभे. ज्यांनी पक्ष फोडून वेगळी चूल मांडली होती, ते पुण्यात पुन्हा एका ताटात. आकड्यांनी कोण कुठे कुणाबरोबर आहे याचा तक्ता केला. पहिल्या दिवशी तो पेन्सिलीने केला होता. तिसऱ्या दिवशी खोडरबर संपलं.

उमेदवारीच्या दिवसांत वातावरण तापलं ते एबी फॉर्ममुळे. पक्षाची अधिकृत उमेदवारी त्या कागदावर असते. डिसेंबरच्या अखेरीस शहरात एका उमेदवाराने त्याच पक्षाच्या दुसऱ्या इच्छुकाचा एबी फॉर्म फाडून गिळल्याचा आरोप झाला. पक्षनिष्ठेची नवी व्याख्या, तिकीटवाटपातला गोंधळ, कायद्यातली कलमं, यांतल्या कशावरही कट्ट्यावर चर्चा झाली नाही. चर्चा झाली ती पचनावर. आकड्यांच्या मते ए आणि बी हे दोन वेगळे फॉर्म असल्यामुळे नक्की कुठला गिळला त्यावर सगळं अवलंबून होतं. सूत्राला आतून कळलं होतं की गिळला नाही, नुसता चावला. "लॅमिनेट करून द्यायला हवेत," आजोबा म्हणाले. या निवडणुकीत कट्ट्यावरून आलेली ही एकमेव अंमलात आणण्याजोगी सूचना.

मग प्रचाराच्या रिक्षा सुरू झाल्या. भोंग्यावरून येणाऱ्या आवाजाला चढउतार नसतो. बटणाचं मशीन सगळीकडे येऊन वीस वर्षं उलटली, तरी रिक्षातल्या ताई, माई आणि अक्का अजून शिक्काच मारत असतात, कारण बटणाला यमक जुळत नाही. दुपारी माणूस नुकता आडवा झाला की कार्यसम्राट येतो. तो गेला की विकासपुरुष येतो. दोघांत अंतर पडलं तर मधल्या वेळेत भंगारवाला येऊन जातो आणि प्रचार थांबलेला नाही हे दाखवतो. आमच्या प्रभागात एकाच वेळी दोन युवा नेतृत्वं, एक सामान्यांचा असामान्य माणूस आणि एक हक्काची ताई उभी होती. हक्काच्या ताईंच्या फ्लेक्सवर ताईंचा फोटो पासपोर्टएवढा आणि त्यांच्या यजमानांचा दारएवढा होता. आरक्षणाने जागा बाईला दिली होती, फ्लेक्सची रुंदी अजून यजमानांकडेच होती.

उमेदवार स्वतः चौकात येतो, तेव्हा कट्ट्याचा खरा कस लागतो. वीस-पंचवीस माणसं, गळ्यात उपरणी, पुढे हात जोडलेला माणूस. आदल्या मिनिटापर्यंत ज्याच्या सात पिढ्यांची झडती चालली होती, तो समोर आला की तिघेही उभे राहतात. "तुमचंच काम चांगलं आहे हो," आकडे म्हणतात. "वातावरण तुमचंच आहे," सूत्र म्हणतो. आजोबा आशीर्वाद देतात. मग दुसऱ्या पॅनेलचा येतो, त्यालाही हेच. तिसऱ्यालाही. प्रभागातल्या प्रत्येक उमेदवाराला आमच्या कट्ट्याची तीन मतं नक्की मिळणार होती. खड्ड्याचं नाव एकानेही काढलं नाही. उमेदवार तो ओलांडून आला आणि ओलांडूनच गेला. हा भित्रेपणा नव्हे. घरी आलेल्या माणसाला तोंडावर वाईट बोलायचं नाही, हा संस्कार आहे, आणि निवडणुकीच्या दिवसांत अख्खा चौकच आपलं घर होतं.

खरी हवा कुणाची, हे सगळ्यांत आधी कळलं होतं चहावाल्याला. चर्चेत तो कधीच पडत नाही. सगळ्यांना "बरोबर" म्हणतो. पण सगळ्या पॅनेलांचे कार्यकर्ते त्याच्याकडेच चहा पितात. त्याने मला एवढंच सांगितलं, "ज्यांनी मागचं बिल रोज चुकतं केलं, ते येणार. ज्यांनी 'निकालानंतर देतो' म्हटलं, त्यांचं काही खरं नाही." सर्वेक्षण करणाऱ्या मोठमोठ्या संस्थांनी 2024 च्या लोकसभेला सत्ताधाऱ्यांना 350 च्या वर पोचवलं होतं आणि प्रत्यक्षात ते 293 वर थांबले. त्यांच्याकडे नमुन्याचा आकार मोठा होता, पण उधारीची वही नव्हती.

जाहीर प्रचार 13 जानेवारीला संपला, 14 ला संक्रांत आणि 15 ला मतदान. त्यामुळे एक घटनात्मक पेच उभा राहिला: प्रचारबंदीच्या दिवशी उमेदवाराने दारात येऊन तिळगूळ दिला, तर तो सण की आचारसंहितेचा भंग? आकडे म्हणाले, वजनावर आहे. एक वडी असेल तर सण, पाव किलो असेल तर भंग. सूत्र म्हणाला, "गोड बोला असं नुसतं म्हटलं तर चालतं, गोड बोलून कुणाला मत द्या ते सांगितलं तर अडचण." आजोबांनी दोन्ही बाजूंची वडी खाल्ली आणि निर्णय राखून ठेवला. त्याच आठवड्यात बिल्डिंगमधल्या बायका इतक्या हळदीकुंकवांना जाऊन आल्या की वाणात मिळालेल्या स्टीलच्या डब्यांवरून कोणतं पॅनेल किती खर्च करतंय याचा अंदाज त्यांना निवडणूक आयोगाच्या निरीक्षकांआधी आला.

मतदानाच्या दिवशी बोटाला शाईऐवजी मार्कर लावत होते, आणि तो पुसला जातो अशी ओरड दुपारपर्यंत राज्यभर झाली. आमच्याकडे लगेच प्रयोग झाला. सूत्राने बायकोचं नेलपॉलिश रिमूव्हर आणलं, आकड्यांनी वेळ लावली, चहावाल्याने कापूस दिला. डाग गेला की नाही यावर तिघांचे तीन निष्कर्ष निघाले आणि सूत्राच्या बोटाची सालं निघाली. एवढं करून पुन्हा मत द्यायला जायची कुणाची इच्छा नव्हती. एकदा दिलेल्या चार मतांतली तीन कुणाला दिली, हेच सूत्राला नीट आठवत नव्हतं. एक पक्षाला, एक ओळखीच्याला, एक मागच्या उन्हाळ्यात टँकर आणून दिलेल्या पोराला आणि एक "उरलेलं", असं त्याचं वाटप होतं.

निकालानंतरचं विश्लेषण हा कट्ट्याचा हातखंडा विषय, कारण त्याचं वाक्य तयारच असतं. 2024 च्या जूनमध्ये महायुती हरली, तेव्हा "लोकांना गृहीत धरलं की असंच होतं" असं ठरलं. साडेपाच महिन्यांनी त्याच लोकांनी आघाडीला आडवं केलं, तेव्हाही "लोकांना गृहीत धरलं की असंच होतं" असंच ठरलं. महापालिकेच्या निकालावरही तेच वाक्य वापरलं आणि तेही चपखल बसलं. निकाल काहीही लागो, हे वाक्य पडत नाही. त्याचं डिपॉझिट आजवर एकदाही जप्त झालेलं नाही.

याच निवडणुकीत राज्यातल्या काही शहरांत मतदानाआधीच उमेदवार बिनविरोध निवडून आले, कल्याण-डोंबिवलीत तर बरेच. त्यावर कट्टा खरोखर खवळला. "बिनविरोध म्हणजे दडपण," आकडे म्हणाले. "माणूस आपणहून कधी माघार घेतो का?" सूत्र म्हणाला. "मतदाराला नोटासुद्धा दाबता आलं नाही," असं म्हणून आजोबांनी काठी इतक्या जोरात आपटली की स्कूटरचा आरसा हलला. मुद्दा बिनतोड होता.

आणि मग आमच्या सोसायटीच्या कमिटीची मुदत संपली.

पाच वर्षांची कमिटी, नऊ जागा. नोटीस लागली, अर्ज मागवले. एकही अर्ज आला नाही. निवडणूक लढवायला कुणी पुढे येईना. उलट काही ठिकाणी प्रचार सुरू झाला, पण दुसऱ्यासाठी: "तुम्ही व्हा ना सेक्रेटरी, तुमच्याकडे स्वभाव आहे." सभेच्या दिवशी गच्चीवर नऊ माणसं जमली. उपविधींप्रमाणे दोन तृतीयांश किंवा 20, यांतली जी कमी असेल तेवढी गणसंख्या लागते. ती नव्हती. मग अर्धा तास सभा तहकूब केली आणि अर्ध्या तासाने त्याच जागी, त्याच खुर्च्यांवर, त्याच नऊ माणसांनी ती पुन्हा सुरू केली. तहकूब सभेला गणसंख्येची अट नसते. लोकसभेच्या नियमावलीत ही सोय असती तर देशाची किती कामं मार्गी लागली असती.

ट्रम्पवर बोलताना आवाज का चढतो आणि टाकीवर बोलताना का पडतो, हे त्या गच्चीवर स्वच्छ दिसलं. ट्रम्पचं धोरण चुकलं असं म्हटलं, तर ट्रम्प कधी म्हणत नाही, "मग या तुम्ही, करा." टाकी वेळेवर धुतली जात नाही असं म्हटलं, की मावळता सेक्रेटरी नेमकं हेच म्हणतो, आणि वर किल्ल्यांचा जुडगा पुढे करतो.

जुडगा त्या संध्याकाळी तीन जणांच्या हातात पडला. टँकरच्या बिलात काहीतरी गडबड आहे, असं आकडे मागे एकदा जिन्यात मोठ्याने बोलले होते. ते इतिवृत्तात नोंदलेलं निघालं, म्हणून ते खजिनदार झाले. सूत्राला आदल्या दिवशीच आतून कळलं होतं की या वेळी सेक्रेटरी बदलणार आणि जो हजर असेल त्याच्या गळ्यात पडणार. म्हणून तो सभेला आलाच नाही. गैरहजर माणूस नकार देऊ शकत नाही, हे सभेच्या लक्षात आलं आणि तो सेक्रेटरी झाला. महाराष्ट्रातली ही एकच बातमी त्याला सगळ्यांत शेवटी कळली. अध्यक्षपद वयाच्या मानाने आजोबांकडे गेलं. तिघेही बिनविरोध. दडपण होतं का, असं विचाराल तर प्रचंड होतं. आणि माघार घ्यायला मिळावी म्हणून सूत्र पदरचे पैसे खर्च करायलाही तयार होता.

सत्तेत येऊन आठवडा झाला, तशी तिघांची भाषा बदलली. टाकीबद्दल विचारलं की सूत्र म्हणतो, "योग्य वेळी योग्य तो निर्णय घेतला जाईल." आकडे आता शून्यं मोजत नाहीत, "निधीच्या मर्यादा" सांगतात. लिफ्ट बंद पडली, तर ती मागच्या कमिटीने बंद पाडून ठेवलेली असते. तिसऱ्या मजल्यावर भाड्याने राहणारा आयटीतला मुलगा परवा अंघोळ अर्धी टाकून, टॉवेल गुंडाळून जिन्यात आला आणि ओरडला, "पाणी नाही, टँकर नाही, मेंटेनन्स मात्र वाढवलाय. सगळे चोर आहात तुम्ही!"

आजोबा दारातच उभे होते. त्यांनी काठी टेकली, चष्मा नीट केला आणि विचारलं, "पुरावा आहे का?"